ढोल्याची शिकवणी

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटलेत? आता उघडा, नाहीतर पुढचं वाचणार कसं? माझं हे असंच होतं. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण सूचना देण्याआधी क्षणभर विचार करावा, एवढं काही मला जमलं नाही.

तर उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा. तुम्ही त्रेसष्ट वर्षांचे आहात. डोक्यावर केस मोजकेच उरलेत. निवृत्त झाल्यावर तुम्ही नंदाखालला एका तीन मजली इमारतीत, तळमजल्यावर, दोन खोल्यांचं घर घेतलंय. खिडकीबाहेर कमरेएवढी भिंत आणि भिंतीपलीकडे जोसेफभाऊंची केळीची वाडी. संध्याकाळचा वारा सुटलाय, पानं सळसळतायत. तुम्ही खुर्चीत रेलून बसलात, चहाचा पहिला घोट घेतलात, आणि एवढ्यात…

भुं! भुं भुं भुं!

घोट नाकात गेला ना? मग पुरे झाली कल्पना. आता तुम्ही त्या खुर्चीतून उठा. पुढचं सगळं माझं मलाच भोगायचं आहे.

तो आवाज ढोल्याचा. ढोल्या म्हणजे जोसेफभाऊंचा कुत्रा. पिवळट रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला. दोन वर्षांपूर्वी जोसेफभाऊंच्या नातीला, शर्लिनला, तो शाळेतून येताना गटाराच्या कडेला सापडला. तेव्हा त्याचे पाय काडीसारखे होते आणि पोट तेवढं टम्म. म्हणून नाव ढोल्या. शर्लिनने त्याला ड्रॉपरने दूध पाजून जगवलं. तिचे आईवडील दोघंही नोकरीला मुंबईला जातात आणि दिवे लागल्यावर परततात. आजी-आजोबा वाडीच्या कामात, त्यामुळे शाळा सुटल्यापासून तोवर तिला सोबत ढोल्याचीच.

शर्लिन सातवीत. संध्याकाळी पाच वाजता माझ्या घरी जी सात-आठ मुलं शिकायला येतात, त्यांतली एक. मी फुकट शिकवतो, म्हणून मुलं सहसा मला उलटून काही विचारत नाहीत. शर्लिन विचारते. तिचा आवडता प्रश्न म्हणजे "पण का?" शिक्षकाला असा विद्यार्थी फार आवडतो, असं मी भाषणात नेहमी सांगत आलो. प्रत्यक्षात तिच्या "पण का?"ला मी बऱ्याचदा "उद्या सांगतो" म्हणालोय.

तर ढोल्या. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात मी ठरवलं, की याला शिस्त लावायची. वर्गातल्या साठ पोरांना मी नुसत्या नजरेने गप्प केलेलं आहे. मी भिंतीजवळ गेलो, चष्मा नाकावर घेतला आणि ढोल्याकडे रोखून पाहिलं. त्यानेही माझ्याकडे पाहिलं. मग तो इतका भुंकला, की वाडीतले बगळे उडाले आणि माझी पत्नी यमुना पोळी लाटायची सोडून बाहेर आली.

"अहो, त्याला कशाला डिवचताय?"

"डिवचत नाहीये. शिस्त लावतोय."

"मग त्याला तसं सांगा. त्याला वाटतंय तुम्ही भांडायला आलात."

दुसरा उपाय म्हणजे मालकाशी बोलणं. मी जोसेफभाऊंकडे गेलो. त्यांनी खुर्ची दिली. त्यांच्या पत्नी लुईझाबाईंनी चहा दिला, नानकटाई दिली, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. उठताना जोसेफभाऊंनी हातात वेलची केळ्यांची फणी ठेवली. मी घरी आलो. यमुनाने विचारलं, "काय म्हणाले कुत्र्याबद्दल?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, की कुत्र्याचा विषय निघालाच नाही.

मग मी जे करायला शिक्षकाचा हात नेहमी शिवशिवतो ते केलं. वही घातली. कोरा हजेरीपट माझ्याकडे होताच. त्यात रोजची तारीख आणि पुढे "भुं" असा रकाना. ढोल्या भुंकायला लागला की थांबेपर्यंत एक "भुं" धरायचा. सकाळी पाववाल्याच्या भोंग्याला एक, पोस्टमनला एक, भिंतीवरच्या मांजराला दोन. पहिल्या दहा दिवसांत रोजचे दहा, अकरा, फार तर बारा भरले. आज सांगतो, बारा म्हणजे काही फार नव्हे. पण मोजायला बसलं की कुठलीही गोष्ट फार वाटते.

अकराव्या दिवशी मला कल्पना सुचली. माझ्या वर्गात पूर्वी सुमेध नावाचा एक भयंकर बडबड्या मुलगा होता. तो बोलायला लागला की मी त्याच्या तोंडात लिमलेटची गोळी घालायचो. गोळी चघळेपर्यंत वर्गात शांतता. काय उत्तम उपाय! दिवाळीपर्यंत सगळा वर्गच बडबड्या झाला आणि मुख्याध्यापकांनी माझ्या गोळ्या बंद केल्या, हा पुढचा भाग मात्र मला त्या दिवशी आठवला नाही. आपल्या हुशारीच्या गोष्टी आपण नेमक्या सोयीच्या जागी संपवतो.

कुत्र्याला लिमलेट चालत नाही. पण घरात सुके बोंबील होते. ढोल्या भुंकायला लागला तसा मी खिडकी उघडली आणि अर्धा बोंबील भिंतीपलीकडे टाकला. भुंकणं तिथल्या तिथे बंद! मी यमुनेकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"याला म्हणतात बालमानसशास्त्र."

"तो बाल नाहीये, कुत्रा आहे," ती म्हणाली. "आणि ते बोंबील रविवारच्या चटणीसाठी होते."

तेव्हापासून हाच क्रम. ढोल्या भुंकला की खिडकी उघडायची, बोंबील टाकायचा, खिडकी लावायची. नोंद चोख हवी म्हणून हजेरीपटात "भुं"च्या शेजारी मी "बों" असा दुसरा रकाना आखला. दोन आठवड्यांनी बोंबील दिवसाला नऊ झाले आणि भुंकणं वीसवर गेलं. मी म्हटलं, मात्रा कमी पडतेय. मात्रा वाढवली. पाचव्या आठवड्यात बोंबील चोवीस आणि भुंकणं अडतीस. आता त्याला पाववाला, पोस्टमन, मांजर कुणीच लागत नव्हतं. तो सरळ माझ्या खिडकीखाली यायचा, बसायचा, वर पाहायचा आणि सुरू करायचा.

अर्नाळ्याहून मासळीची टोपली घेऊन येणाऱ्या इझाबेल मावशी एकदा मला म्हणाल्या, "काय मास्तर, परत सुके बोंबील? आनि येवढे? घरात मांजर आनलंय की काय?"

"नाही, नाही. पाहुणे आलेत," मी म्हणालो.

"पाहुणं लई दिवस ऱ्हायलंय," असं म्हणून त्यांनी वरून चार बोंबील आणखी घातले.

इकडे इमारतीत कुरबुर सुरू झाली. आमची आठ घरं. पहिल्या मजल्यावरचा जितेंद्र आठवडाभर पहाटे मुंबईला कामाला जातो. त्याला एक रविवार झोपायला मिळतो, तोही ढोल्या खाऊन टाकायचा. जोसेफभाऊही बिचारे हैराण होते. "आधी असा नव्हता हो सर," ते म्हणायचे. त्यांनी डॉक्टर आणला. डॉक्टरने जंताचं औषध दिलं. ढोल्याने ते घेतलं आणि नंतर माझ्या खिडकीखाली येऊन भुंकला, बहुधा तोंडाची चव बदलायला.

एक दिवस लोक म्हणाले, सर, तुम्ही शिकलेले, तुम्हीच एक पत्र लिहा. झालं. पत्र लिही म्हटलं की मला स्फुरण चढतं. पानभर लिहिलं. "सदर प्राण्याच्या अखंड भुंकण्यामुळे विद्यार्थ्यांच्या अध्ययनात व ज्येष्ठांच्या विश्रांतीत व्यत्यय येत असून सदर प्राण्याची अन्यत्र व्यवस्था करावी." पहिली सही माझी. मग जिन्याने वर जाऊन आणखी पाच सह्या गोळा केल्या. गुडघा दुखत असताना तीन मजले चढलो, याचं तेव्हा मला कौतुकही वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळी जोसेफभाऊ आमच्या दारात आले. पत्र घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलेलं. मागे शर्लिन.

"सर, अक्षर फार सुंदर आहे तुमचं," ते म्हणाले.

त्यांना टोमणा मारता येत नाही. ते खरंच म्हणत होते. मला मात्र खाली बघावं लागलं.

"आम्हाला शेजाऱ्यांशी वाकडं नको. इतकी वर्षं कुणाची तक्रार आली नाही. माझा भाचा स्टॅनी राजोडीला आहे ना, त्याच्या खोल्या आहेत पर्यटकांसाठी. त्याला राखणीला कुत्रा हवाच आहे. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर येईल टेम्पो घेऊन."

"तिकडे मोकळी जागा असेल," मी म्हणालो. "समुद्र वगैरे. त्याला आवडेल."

"साखळीला बांधणार," शर्लिन म्हणाली. तेवढंच. "पण का?" नाही, काही नाही. ती वळून गेली.

शनिवारी ती शिकायला येणार नाही असं मला वाटलं होतं. पण सोमवारी तिची गणिताची चाचणी होती, म्हणून आजीने पाठवलं. डोळे सुजलेले. बाकीची मुलं गेली तरी ती पट्टीने वहीची एकच रेघ गिरवत बसली होती. हिचं मन कशात तरी गुंतवावं म्हणून मी म्हटलं, "जोडस्तंभालेखाचा सराव करू या का? पुस्तकातले आकडे नकोत, खरे आकडे देतो."

आणि मुलांनो, आता मी जे केलं ते सांगायला मला जड जातंय. खरे आकडे म्हणून माझ्या हाताला जे पहिलं लागलं, ते मी तिच्यापुढे ठेवलं. हजेरीपट. नुसतं "भुं" आणि "बों" लिहिलेलं, त्यावरून हिला काय कळणार, असं मी स्वतःला सांगितलं. ज्या मुलीने त्या कुत्र्याला ड्रॉपरने दूध पाजलं, तिला "भुं" कळणार नाही असं वाटणारा हा माणूस छत्तीस वर्षं शिक्षक होता.

तिने आलेखाचा कागद घेतला, आठवड्यांची सरासरी काढली. "भुं"ला निळा खडू, "बों"ला लाल. मी खुश होतो. स्तंभ कसे सरळ, प्रमाण कसं व्यवस्थित लिहिलेलं! मी तर "शाबास"चा शेरा मारायला पेन उघडलं.

"सर, पहिल्या दहा दिवसांत लाल काहीच नाही. तेव्हा निळा अकरा."

"बरोबर."

"मग लाल सुरू झाला. त्याच्यानंतर निळा वाढला. मग लाल वाढवला, तर निळा आणखी वाढला." तिने पेन्सिलीचं टोक एकेका स्तंभावर ठेवत नेलं. "दर वेळी लाल आधी वाढलाय. निळा त्याच्या मागून."

"हं," मी म्हणालो. "योगायोग असू शकतो. हवामान बदललं, थंडी संपली. कुत्र्यांना थंडी संपली की…"

"सर, 'बों' म्हणजे काय?"

मी पेनाचं टोपण शोधायला लागलो. ते माझ्या हातातच होतं.

यमुना आतून म्हणाली, "सांगा की. सव्वा महिना माझ्या डब्यातून जातायत ते."

"बोंबील," मी म्हणालो.

शर्लिनने पेन्सिल लाल स्तंभावर टेकवली. मग उलगडून सांगावं तसं म्हणाली, म्हणजे एखाद्या मंद मुलाला आपण सांगतो तसं, अगदी न रागावता, "तो भुंकला की तुम्ही बोंबील दिलात. म्हणून तो शिकला. तुम्हीच शिकवलंत सर."

हे वाक्य ऐकायला शिक्षक आयुष्यभर थांबलेला असतो. मला ते असं ऐकायला मिळालं.

"उद्या दहाला स्टॅनीमामा येणार," ती उठत म्हणाली. "आजोबांना तुम्ही सांगाल का मी सांगू?"

"मी सांगतो," मी म्हणालो. आणि सवयीने पुढे म्हणालो, "उद्या."

रविवारी मी नऊपासूनच जोसेफभाऊंच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. मनात भाषण तयार केलं होतं. "सदर प्रकरणी माझ्याकडून अनवधानाने…" ती सगळी मंडळी मिस्साहून आली. शर्लिन पांढऱ्या फ्रॉकमध्ये. पाठोपाठ स्टॅनीचा टेम्पो आला. उंच, हसरा माणूस. हातात नवी कोरी साखळी.

मी "जोसेफभाऊ, सदर…" म्हणालो आणि वाडीतून ढोल्या धावत आला. तो स्टॅनीकडे गेला नाही, शर्लिनकडे गेला नाही. तो माझ्यापुढे येऊन व्यवस्थित बसला, माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं, शेपटी हलवली आणि भुंकायला लागला.

"अगं बाई!" लुईझाबाई म्हणाल्या. "हा तर सरांना चांगलाच ओळखतो!"

मग भाषण राहिलंच. मी सरळ सांगून टाकलं. खिडकी, बोंबील, लाल, निळा, सगळं. मधे मधे ढोल्या भुंकत होता, म्हणून मला ते ओरडून सांगावं लागलं आणि रस्त्यावरून मिस्साहून परतणाऱ्या निम्म्या गावाने ते ऐकलं.

मग लुईझाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "म्हणजे आमचा ढोल्या इतके दिवस तुमच्याकडे शिकवणीला होता!"

"आणि पहिला नंबर आलाय," स्टॅनी म्हणाला. "सर, मला पण सांगा, काय केलं की मला बोंबील मिळेल?"

जोसेफभाऊ मात्र हसले नाहीत. त्यांनी खिशातून ते पत्र काढलं.

"सर, तुम्ही येऊन सांगितलंत, हे मोठं झालं. पण यावर सहा सह्या आहेत. तुमची एक सोडली तर पाच घरं. मी कुत्रा ठेवला तर ती माणसं म्हणतील, जोसेफने आमच्या तोंडाला पानं पुसली. मला हे नको. त्या पाच घरांनी पत्र मागे घेतलं, तर ढोल्या इथेच राहील. नाहीतर स्टॅनी जेवून निघेल तेव्हा तो बरोबर जाईल."

"मी उद्या सगळ्यांना भेटून…"

"जेवण दीड तासात होईल," लुईझाबाई म्हणाल्या. आता त्याही हसत नव्हत्या.

"आणि बोंबील बंद केले की तो आधी जास्तच भुंकेल," शर्लिन म्हणाली. "थोडे दिवस. हेही सांगावं लागेल सर."

म्हणजे पाच दारांवर जाऊन म्हणायचं, की तुमची झोप मी घालवली, तक्रार मीच लिहिली, सही मीच मागितली, ती आता परत घ्या. आणि शिवाय आणखी थोडे दिवस झोप विसरा. मी शर्लिनकडे पाहिलं. तिने पत्र आजोबांच्या हातातून घेऊन माझ्या हातात दिलं आणि माझ्याबरोबर चालायला लागली.

पहिल्या मजल्याचा जिना चढताना मी तीनदा गुडघा चोळला. जितेंद्रच्या दारापाशी आलो. दारावर त्याने जाड अक्षरांत कागद चिकटवला होता: "रविवारी अकराच्या आधी बेल वाजवू नये." घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"झोपला असेल बिचारा," मी हळूच म्हणालो. "आपण असं करू, आधी तिसऱ्या मजल्यावर जाऊ. वरून सुरुवात केली की उतरताना सोपं पडतं. किंवा आधी घरी जाऊन मी एक पत्रच लिहितो. व्यवस्थित. सगळ्यांना एकदम देता येईल…"

शर्लिनने हात लांब करून बेल दाबली. आतून चपला ओढत कुणीतरी येऊ लागलं, तशी ती दोन पायऱ्या खाली उतरली आणि माझ्या पाठीमागे, कठड्यापासून भिंतीपर्यंत दोन्ही हात पसरून, जिना अडवून उभी राहिली.